विज्ञानाच्या तासाला पाच-सात-पाच

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामीच राहिली. भरती होणार, होणार असं सगळे म्हणत होते, मीही म्हणत होते. मग जूनमध्ये मुख्याध्यापकांनी मला बोलावून आठवी ब चं विज्ञान माझ्या वेळापत्रकात घातलं. मी मराठीची शिक्षिका आहे, याची मी त्यांना आठवण करून दिली. पुस्तक मराठीतच आहे मॅडम, तुम्हाला काय अडचण, असं ते म्हणाले. दहावीचा विज्ञानाचा पेपर संपला त्या दिवशी मी ते पुस्तक शेजारच्या मुलीला देऊन टाकलं होतं आणि सुटले एकदाची असं आईला सांगितलं होतं, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

पुस्तक मराठीत होतं हे खरं. पण ती मराठी मला आजवर कुठे भेटली नव्हती, ना घरात, ना गुलमंडीच्या बाजारात, ना कवितेत. परासरण. संघनन. संपृक्त. अपस्करण. हे शब्द घडवणाऱ्या विद्वानांना एकदा जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला, पत्र्याच्या छपराखाली, आठवी ब समोर उभं करावं असं मला फार वाटे. मी रागीट आहे, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. पण या वेळी राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. पोरांवर काढून उपयोग नव्हता. त्यांचे वडील रिक्षा चालवणारे, वाळूजला कंपनीत जाणारे, चौकात पंक्चरचं दुकान टाकून बसलेले. ती आपसांत अर्धी हिंदी, अर्धी मराठी बोलत. एक जण तर मला सरळ म्हणाला की मॅडम, ये पुस्तकवाली मराठी हमकू नै आती. मी त्याला बस म्हणाले, पण मनातून त्याचं म्हणणं मला पटलं होतं.

सोमवारी आठवी ब चे माझे दोन तास लागोपाठ असत, आधी मराठी, मग विज्ञान. हायकू मी दरवर्षी शिकवते. जपानहून आलेली तीन ओळींची कविता, पहिल्या ओळीत पाच अक्षरं, दुसरीत सात, तिसरीत पुन्हा पाच. पोरांना कवितेपेक्षा मोजणं आवडतं, बोटं दुमडत बसतात. त्या सोमवारी शिपाई घंटा द्यायची विसरला. आमची मोजणी रंगात आली होती आणि विज्ञानाचा तास कधी सुरू झाला ते मलाही कळलं नाही. पंक्चरवाल्याच्या मुलाने विज्ञानाचं पुस्तक उघडून बोटं दुमडली आणि जाहीर केलं की बाष्पोत्सर्जन पाच भरतंय, म्हणजे एक ओळ फुकटातच झाली. मग सगळा वर्ग पुस्तकावर तुटून पडला. प्रकाशसंश्लेषण सात भरतंय म्हटल्यावर टाळ्या वाजल्या. त्या शब्दाला कुणी टाळ्या वाजवल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

तिथून ते सुरू झालं. मी काही ठरवून केलं नाही, मला पद्धत-बिद्धत काही सुचलेली नव्हती. शब्द फुकटात घालायचा नाही, हा पहिला नियम मीच केला. शब्द एक, त्यावर हायकू एक, पण तो शब्द हायकूत येता कामा नये. बाकीच्यांनी तो ओळखायचा. ओळखला तर लिहिणारा जिंकला, नाही ओळखला तर हरला. गावाकडून आलेल्या पोरांना हे लगेच समजलं, कारण त्यांच्याकडे संध्याकाळी उमाणी घालतात, तू सांग मी काय ते. उमाणं म्हणजे कोडं. पोरं हायकूला उमाणंच म्हणायला लागली आणि मी अडवलं नाही.

सुरुवातीची उमाणी फार वाईट होती. आम्लावर एकाने लिहिलं,

चिंच खाल्ली मी
तोंड वाकडं झालं
आई हसली

वर्ग ओरडला, चिंच. मग आंबट. मग आई. आम्ल कुणीच म्हटलं नाही आणि तो हरला. लिटमस घालायला हवा होता असं तो नंतर दिवसभर म्हणत होता. म्हणजे आम्लात निळा लिटमस तांबडा होतो हे त्याच्या डोक्यात आयुष्यभरासाठी बसलं. दाराजवळच्या बाकावरच्या मुलीने जडत्व असं लिहिलं,

रिक्षा थांबली
मी मात्र अजूनही
पुढे चालले

हे वर्गाने एका दमात ओळखलं. बाष्पीभवनावरचं तर आमच्याच शहरातलं कुणीतरी लिहू जाणे, जिथे नळाला पाणी आठवड्याने येतं आणि घराघरात निळे ड्रम भरून ठेवलेले असतात.

कुणी न प्यालं
ड्रममधलं पाणी
कमीच झालं

मुख्याध्यापक एकदा दारात येऊन उभे राहिले. विज्ञानाच्या तासाला कविता का चालल्यात, असं त्यांनी विचारलं. पुस्तक मराठीतच आहे सर, मी मराठीच शिकवतेय, असं मी सांगितलं. ते गेले.

दुसरा नियम पोरांनी केला. एकाने चंद्रावर लिहिताना चंद्राला स्वतःचा उजेड देऊन टाकला. ऐकायला छान होतं. पण मागून कुणीतरी म्हणालं, खोटं. मग असं ठरलं की उमाण्यात विज्ञान चुकलं असेल तर कुणीही उठून खोटं म्हणायचं. मात्र खोटं म्हणणाऱ्याने काय खोटं आणि खरं काय ते तिथल्या तिथे, उभं राहून, आपल्या तोंडाने सांगायचं. चिठ्ठी चालणार नाही. नुसतंच खोटं म्हणून बसला तर तो हरला.

आता एका मुलीबद्दल सांगायला हवं.

ती सोयगाव तालुक्यातली. तिचे वडील फर्दापूरला, लेणी बघायला जाणारे पर्यटक जिथे उतरतात तिथे, रंगीत दगडांचं छोटं दुकान लावतात. दगड म्हणजे डोंगरात सापडणारे गोटे. वरून ओबडधोबड आणि फोडले की आत चकाकणारे. तिची आत्या इथे एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे, पुंडलिकनगरला भाड्याने राहते. पोरगी हुशार आहे, शिकून माझ्यासारखी नर्स होईल, नाहीतर त्याहून पुढे जाईल, असं म्हणून आत्याने तिला जूनमध्ये आपल्याकडे आणलं आणि आमच्या शाळेत घातलं.

पहिल्याच आठवड्यात मी मराठीच्या तासाला काहीतरी विचारलं आणि तिने हात वर केला. "व्हय मॅडम, मला ठावं हाय," असं ती म्हणाली. वर्ग फिदीफिदी हसला. ज्यांचे आजोबा अजून असंच बोलतात तीच पोरं सगळ्यात जास्त हसली. मी वर्गावर ओरडले. माझं ओरडणं सगळ्या मजल्याला ऐकू जातं, त्यामुळे शेजारच्या वर्गालाही कळलं की कशावर ओरडतेय. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात पोरं तिला ठावं-हाय म्हणून हाक मारू लागली. त्यानंतर ती बोललीच नाही. हजेरीला नुसता हात वर करायची. तोंडी परीक्षेत उभी राहिली, माझ्याकडे बघत राहिली आणि खाली बसली. तिला येत होतं, हे मला दिसत होतं. पण दिसण्याला गुण देता येत नाहीत.

पालकसभेला आत्या आली. ड्यूटी संपवून तशीच आली होती, पांढऱ्या गणवेशावर स्वेटर. भाऊ दिवाळीच्या सुट्टीला दाखला काढून पोरीला परत न्यायचं म्हणतोय, असं तिने सांगितलं. त्याचं म्हणणं असं की गावात दिवसभर टकळी चालवणारी पोर इथे येऊन मुकी झाली, शाळेतून तोंडीत शून्य आलं. मुकंच बसायचं तर दुकानावर बसलेलं काय वाईट. गावच्या शाळेत नाव घालीन म्हणतोय, पण आत्याला तिथलं ठाऊक होतं. दहावी झाली की पोरी घरी बसतात. ती स्वतः सुटली होती, भाचीला सोडवायचं होतं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, मॅडम, तुम्ही तिला बोलतं करा. मी करते म्हणाले. कशी करणार होते कोण जाणे. कुणाच्या तोंडातून शब्द काही उलथन्याने काढता येत नाहीत.

उमाण्यांच्या चिठ्ठ्या आम्ही खडूच्या रिकाम्या खोक्यात टाकत असू. नाव लिहायचं नाही. मी एकेक काढून वाचायची, वर्ग ओळखायचा आणि ओळखलं की लिहिणारा हात वर करून मिरवायचा. एक अक्षर असं होतं की त्या अक्षरातलं उमाणं वर्ग सगळ्यात लवकर ओळखायचा आणि तरी कुणाचाच हात वर होत नसे. पोरं इकडेतिकडे बघत, कुणाचंय बे, विचारत. अक्षर मला ओळखू येत होतं, मी तिच्या वह्या तपासत होते. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा माझा लाल पेन सवयीने वर आला.

फोडला गोटा
आत कोनाला कोन
चकाकी लई

मराठीची शिक्षिका म्हणून मी आयुष्यभर लई आणि नाय यांवर लाल रेघ ओढत आलेय. पण तिथे बहुत घातलं तर चाल बिघडली आणि खूप घातलं तर जीवच गेला. मी तसंच वाचलं. स्फटिक, वर्ग एकमुखाने ओरडला. लई ला कुणी हसलं नाही. कवितेत आहे म्हटल्यावर पोरांना ते चाललं. ती खिडकीजवळच्या बाकावर खाली मान घालून बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

पालकसभेनंतरच्या सोमवारी खोक्यातून त्याच अक्षरातलं हे निघालं.

बंद पिशवी
आत एकटं पान
तरी ओलावा

कुंडीतल्या झाडाच्या फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधून आत थेंब जमतात, तो प्रयोग आम्ही वर्गात केला होता. पोरांनी बाष्पोत्सर्जन ओळखलं आणि पुढच्या चिठ्ठीसाठी गलका सुरू केला. मला मात्र पुढची चिठ्ठी लगेच काढता येईना. मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं. तासानंतर मी तिला थांबवून विचारलं की तुझं उमाणं तू वाचशील का. तिने मानेनेच नाही म्हटलं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी चिडले असते, म्हणून जाऊ दिलं.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी पोरांनी हट्ट धरला की मॅडम, तुम्ही नेहमी आमची वाचता, आज तुमचं पाहिजे. मला माहीतच होतं, मी घरून करून आणलं होतं. खोटं कशाला बोलू, चार दिवस त्याच्यावर घालवले होते. मी ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं तेवढ्यात शिपाई दारात आला. त्याच्यामागे एक बारीक चणीचे गृहस्थ होते, हातात कापडी पिशवी. हे दाखल्यासाठी आलेत, क्लार्क जागेवर नाही, मुख्याध्यापक तुमच्याकडे पाठवा म्हणाले, असं शिपायाने सांगितलं. गृहस्थ जय भीम मॅडम म्हणाले. मीही जय भीम म्हणाले आणि ते कोण ते मला लगेच समजलं. नाक तेच होतं. दहा मिनिटं बसा, तास संपतोच आहे, असं मी सांगितलं आणि ते बाहेर दारालगतच्या स्टुलावर बसले. मला ते दिसत होते. पाठीमागच्या बाकांवरून दिसत नव्हते, तिच्या खिडकीच्या बाकावरूनही नाही.

मी शब्द दिला होता आणि शब्द पाळायचा दिवस दारात येऊन बसला होता. तरी फळ्यावरचं पुरं केलं.

ऊन भरवी
हिरव्या पानालाही
सोन्याचा घास

अक्षर भरायला तो 'ही' मी घुसवला होता, पण एकंदरीत मला ते फार आवडलं होतं. प्रकाशसंश्लेषण, वर्ग ओरडला. टाळ्या पडल्या. मी हात झटकले आणि सवयीने विचारलं की कुणी खोटं म्हणतंय का. माझ्या उमाण्याला कोण खोटं म्हणणार, हेही माझ्या डोक्यात होतंच.

खिडकीजवळ बाक सरकल्याचा आवाज झाला. ती उभी होती.

"खोटं हाय मॅडम," ती म्हणाली.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. एकच जण हसला, दुसऱ्या कुणी साथ दिली नाही म्हणून मध्येच थांबला. मला आधी राग आला, हे सांगायला हवं. चार दिवस घालवले होते. काय खोटं आहे, असं मी विचारलं आणि माझा आवाज चढलेला मलाच ऐकू आला. एरवी तो आवाज ऐकून मोठाली पोरं बसतात. ती बसली नाही. नियमच तसा होता, बसली असती तर हरली असती.

"ऊन भरवत नाय," ती म्हणाली. "पान सोताच रांधतं. हवा घेतं, पाणी घेतं, न् रांधतं. ऊन नुस्तं चुलीतला जाळ हाय. जाळ कुणाला घास भरवतो का?"

मी फळ्याकडे वळून बघितलं. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने वनस्पती स्वतःचे अन्न स्वतः तयार करतात, हे मीच पुस्तकातून मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तिने ऐकलं होतं, मी वाचलं होतं. एवढाच फरक. माझ्या सोन्याच्या घासात पान तोंड उघडून बसलेलं होतं, काही करत नव्हतं. मला लाज वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. मी डस्टर घेतलं, माझ्या तिन्ही ओळी पुसल्या आणि खडू तिच्यापुढे धरला. खोटं म्हणालीस ना, मग खरं लिही.

ती फळ्यापाशी आली. डाव्या हाताची बोटं दुमडत, ओठ हलवत उभी राहिली. वर्ग तिच्याबरोबर मोजत होता. दुसऱ्या ओळीला आठ भरले तेव्हा पंक्चरवाल्याच्या मुलाने एक जास्त होतंय असं सांगितलं आणि तिने पुसून पुन्हा लिहिलं.

चुलीत ऊन
पान रांधतं सोता
हवा नि पाणी

आता ओळखायला काही उरलं नव्हतं, तरी सगळी प्रकाशसंश्लेषण म्हणून ओरडली. ती जिंकली होती आणि या वेळी कुणाचंय बे असं विचारायची गरज नव्हती.

मी दाराकडे बघितलं. तिचे वडील स्टुलावरून उठून उंबऱ्यापाशी आले होते, चेहरा उतरलेला. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"माफ करा मॅडम," ते म्हणाले. "पोरगी उलट बोलली तुम्हाला."

फर्दापूरहून एवढी एसटी करून माणूस आला होता पोरगी बोलत नाही म्हणून, आणि ती बोलली तर माफी मागत होता. मला त्यांचा राग आला नाही. शाळेच्या दारात आल्यावर हात जोडायची सवय कुठून लागते ते मला माहीत आहे. मी वर्गाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं की ती उलट बोलली नाही, बरोबर बोलली. चूक माझी होती आणि ती वर्गात हिला एकटीलाच दिसली.

त्यांना ते खरं वाटायला जरा वेळ लागला. त्यांनी फळा वाचला, ओठ हलवत, लेकीसारखेच. मग ते म्हणाले की घरी ही अशीच बोलते, आईला स्वयंपाकात चुका दाखवते. इथे मुकी झाली म्हणून न्यायला आलो होतो. हे त्यांनी मला सांगितलं, पण बघत तिच्याकडे होते. ती हातात खडू धरून उभी होती. वडील इथे कधी आले, किती वेळ बसले होते, हे तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"चलायचं का मंग गावाला?" त्यांनी विचारलं.

तिने वर्गाकडे एकदा बघितलं. जूनमध्ये हसलेली सगळी तोंडं समोर होती.

"नाय," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. वडिलांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बरं," ते म्हणाले, "सुट्टीपुरती तरी ये की."